आत्या, ती शिंदी नव्हेच

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. आत्या फोनवर 'कसा आहेस, पाऊसपाणी कसं' असलं काही विचारत नाही. थेट विषयाला हात घालते.

"तू म्हणे रानात शिंदी लावायलास?"

म्हटलं, "हो. ओढ्याच्या काठानं. चाळीस रोपं आहेत."

"लाज कशी वाटंना रे तुला? बाबांनी ज्या झाडांवर कुऱ्हाड घातली ती तू लावायलास? आन् तुझा काका कशानं गेला ते विसरलास?"

आणि फोन ठेवला.

आत्याचा जन्म ४८ सालचा, पोलीस ॲक्शनच्या वर्षातला. तिला फोनवर उत्तर देता येत नाही, कारण ती उत्तर ऐकायला थांबत नाही. पण तिची नात माझं इथलं लिखाण तिला वाचून दाखवते हे मला माहीत आहे. म्हणून इथंच लिहितो. शिवाय घरातली बाकीची मंडळीही मनातून आत्याच्याच बाजूची आहेत, फक्त तोंडावर बोलत नाहीत. ब्लॉगवरच्या दोस्तांनी हे आमचं घरगुती भांडण तेवढं चालवून घ्यावं.

आधी पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी थोडा खुलासा. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, आणि शिंदीची ती शिंदी. झाडाचं आणि रसाचं नाव एकच. शिंदी म्हणजे रानखजूर. खजुरासारखीच दिसते, पण फळात गर कमी आणि बीच जास्त. ओढ्याकाठी, पाणथळ बांधावर आपोआप येते. आमच्या धर्माबादकडं, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जिथं मराठी बोलता बोलता माणूस नकळत तेलुगूत शिरतो, तिथं हिला ईत म्हणणारेही भेटतील आणि तिच्या रसाला कल्लू म्हणणारेही. आमचं गाव लोकांना माहीत असतं ते लाल मिरचीच्या बाजारासाठी, बाभळी बंधाऱ्याच्या भांडणासाठी, नाहीतर बासरच्या सरस्वतीला जाताना लागणारं स्टेशन म्हणून. शिंदीसाठीही माहीत आहे. पण ते कुणी अभिमानानं सांगत नाही.

मी लहान असताना आमच्या रानात शिंदी काढायला गौड मामा यायचे. (आडनाव नव्हे, समाज. आम्ही पोरं सगळ्यांनाच मामा म्हणायचो.) दिवाळी झाली, थंडी पडली की ते झाड तयार करायला घ्यायचे. शेंड्याखालच्या एका बाजूच्या फांद्या छाटायच्या, साल तासून आतला पांढरा कोवळा भाग उघडा करायचा आणि काही दिवस तसाच वाळू द्यायचा. मग त्यावर धारदार कोयत्यानं पातळ काप घ्यायचा, खाचेच्या टोकाला बोरूची पन्हळ खुपसायची आणि दिवस मावळताना खाली मडकं बांधायचं. रात्रभर थेंब थेंब. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, मडकं उतरवायचं. दोन-तीन रात्री रस घेतला की झाडाला काही दिवस सुट्टी. आणि पुढल्या वर्षी खाच घ्यायची ती उलट्या बाजूला. त्यामुळं जुन्या शिंदीच्या खोडावर वरपर्यंत अशा डाव्या-उजव्या पायऱ्या दिसतात. त्या मोजल्या की हे झाड किती वर्षं माणसाला पाजतंय ते कळतं. आमच्या ओढ्यावरच्या एका शिंदीला मी सोळा मोजल्या होत्या.

पहाटेचा तो रस मी प्यायलोय. आई रागवायची, पण आजोबा काही बोलायचे नाहीत (आत्या, हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे). थंडगार, गोड, किंचित धुरकट वासाचा. मडक्याला आतून चुना लावला असेल तर तो गोडच राहतो, तीच नीरा. नाही लावला तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट कामाला लागतं. दहा वाजेपर्यंत फेस येतो, दुपारी चढते, संध्याकाळी आंबट होते, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेला लागते. पुरती आंबलेली शिंदीसुद्धा साधारण बिअरच्या पंगतीत बसते. त्याहून कडक ती होऊच शकत नाही, ऊर्ध्वपातन केल्याशिवाय.

आता ही गोष्ट. मागच्या वर्षी आमचा एक भाचा कॅनडाहून आला. येताना त्यानं मेपल सिरपच्या बाटल्या आणल्या, घरटी एक. पानाच्या आकाराची काचेची बाटली. घरात काय कौतुक! "झाडाचा रस आहे म्हणे. भोक पाडून काढतात. किती नैसर्गिक!" चुलत बहिणीनं तो पोळीवर घालून मुलांना दिला. भाच्यानं सगळं नीट समजावून सांगितलं, की थंडी सरता सरता खोडाला भोक पाडतात, नळी लावतात, बादल्या भरतात आणि चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं. तो रशियातल्या, फिनलंडमधल्या बर्चबद्दलही बोलला. तिथं तर लोक बर्चचा रस तसाच पितात, वसंताच्या सुरुवातीचे काही आठवडे. आमच्या पिढीला बर्च माहीत आहे तो रशियन गोष्टींच्या स्वस्त सुंदर मराठी पुस्तकांतून. त्या पुस्तकांत पानोपानी बर्चची बनं असायची. (बर्च म्हणजे आपला भूर्ज, भूर्जपत्रवाला. दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे.)

मी विचारलं, मेपलच्या रसात साखर किती? भाचा म्हणाला, दोन टक्क्यांच्या आसपास. बर्चच्या रसात त्याहून कमी, एखादा टक्का. आणि शिंदीच्या रसात? दहा-बारा टक्के. आठ-दहा लिटरला किलोभर गूळ. म्हणजे जी बाटली तुम्ही देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी शोकेसमध्ये ठेवली, तिच्या झाडापेक्षा आपल्या ओढ्यावरचं झाड पाचपट गोड रस देतं. हे मी बोललो तेव्हा घरात शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, "अरे पण ते वेगळं."

काय वेगळं? मला खरंच जाणून घ्यायचंय. भोक पाडलं तर नैसर्गिक आणि काप घेतला तर व्यसन? तिकडं बंगालात हेच झाड, अगदी हेच, हिवाळ्यात याच पद्धतीनं तासतात. काढणाऱ्याला शिउली म्हणतात. रस आटवून नोलेन गुड करतात आणि त्याचा संदेश कोलकात्याची भद्र मंडळी वर्षभर वाट बघून खातात. तिथं हे झाड संस्कृती आणि आपल्याकडं हे झाड बदनामी. गोव्यात माडाची सूर पिढ्यान्‌पिढ्या पावाचं पीठ फुगवत आली. कोकणात भंडारी समाजाचा हा परंपरेचा धंदा. आणि आपल्या घरात? लक्ष्मीपूजनाला जिच्यावर हळदकुंकू वाहता ती केरसुणी कशाची असते हो? शिंदीच्या पानांची. पान लक्ष्मी आणि रस अवदसा! मला वाटतं वेगळं एवढंच आहे, की मेपल पिणारा गोरा असतो आणि शिंदी पिणारा मिरचीची पोती उचलणारा.

आणखी एक, रागावू नका. काकाच्या वर्षश्राद्धानंतर चारच महिन्यांत आपल्याकडं एक लग्न झालं, तेव्हा हॉटेलच्या गच्चीवर बिअर कुणी कुणी घेतली ते मला आठवतंय. मीही घेतली होती. ती आंबवलेल्या बार्लीची होती, बाटलीत होती आणि बिलावर होती, म्हणून चालली.

असो. आता आजोबांची कुऱ्हाड.

हे खरं आहे, आणि मला त्याचा अभिमानच आहे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि आपण निजामाच्याच राज्यात राहिलो. तेव्हा स्टेट काँग्रेसच्या लढ्यात, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर, मराठवाड्यातल्या पोरांनी करोडगिरीचे नाके जाळले, जंगल सत्याग्रह केले आणि शिंदीची झाडं तोडली. उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला लुटली गेली ती याच भागात. आजोबा त्या झाडं तोडणाऱ्यांत होते. रात्री निघायचे, पहाटेपर्यंत एखादं बन आडवं करून परत.

पण का तोडली? शिंदी पाप आहे म्हणून? काहींच्या मनात गांधीजींची दारूबंदी असेलच, नाही म्हणत नाही. पण मुख्य कारण पैसा. अबकारी हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. गावोगाव गुत्ते लिलावानं जायचे. गुत्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचा आणि ती गावाकडून वसूल करायचा. (आजही मराठवाड्यात रस्त्याच्या कंत्राटदाराला आपण गुत्तेदारच म्हणतो. शब्द तिथूनच चिकटून राहिलाय.) शिंदीचं झाड तोडलं की तिजोरीचा एक नळ बंद. मी एकदा आजोबांना विचारलं होतं, झाडं तोडताना वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "झाड कुठं तोडलं? गल्ला फोडला." आणि जरा वेळानं, "शिंदीचा शेंडा गेला की पुन्हा फुटत नाही. ते मात्र वाईट झालं."

आत्या, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. तुझ्यापर्यंत आलं ते भाषणातलं वाक्य. माझ्यापर्यंत हे दुसरं वाक्य आलं, कारण मी त्यांच्याजवळ अंगणात झोपायचो. पुढं त्याच माणसानं आपल्या रानात गौड मामांना झाडं काढू दिली, कारण निजाम गेला होता. त्यांचं भांडण झाडाशी नव्हतंच.

वाईट हे झालं, की निजाम गेला आणि गुत्ता राहिला. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, पुढं मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इकडंही लागू झाला. त्या कायद्यानं ताडीची व्याख्या केली ती अशी, की झाडातून निघालेला रस आंबलेला असो की न आंबलेला, तो ताडीच. म्हणजे पहाटेची गोड नीरा आणि संध्याकाळची आंबट ताडी कायद्याच्या लेखी एकाच जातीची. झाड शेतकऱ्याच्या बांधावर, पण त्यातून रस काढायचा तर परवाना. ज्या झाडातून आपल्याला काही मिळत नाही आणि उलट फौजदार दारात येतो ते झाड शेतकरी कशाला ठेवेल? बांध कोरताना जेसीबीनं पहिली शिंदी गेली.

आणि आता काका.

हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पण आत्यानं विषय काढलाच आहे आणि घरात वीस वर्षं आपण हे कुजबुजत बोलतोय, ते पुरे झालं.

काका मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहायचा. हुशार, अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी आडतीवरच्या लोकांबरोबर दुकानात जाऊन शिंदी प्यायचा. आधी गंमत म्हणून, मग रोज, मग सकाळीही. घरात सगळे म्हणायचे, शिंदीच्या नादी लागला. २००४ च्या ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान होतं. दुकानं दोन दिवस बंद. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. दुसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलायला लागला, कपडे फाडायला लागला. पहाटे झटके आले. जीपमधून नांदेडला नेत होतो, उमरीच्या पुढं तो गेला. वय एकोणपन्नास.

नांदेडला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "धर्माबादचे का? पावडर होती का?" मला तेव्हा पावडर म्हणजे काय तेही कळलं नाही.

आता कळतं. दुकानात जी विकली जात होती ती पाण्यात कालवलेली क्लोरल हायड्रेट होती. ही एकोणिसाव्या शतकातली झोपेची गोळी आहे, शिंदीशी तिचा काही संबंध नाही. गोडीला सॅकरिन. रंगाला आणि वासाला नावापुरती खरी शिंदी असली तर असली. अलीकडं त्यात अल्प्राझोलम आणि डायझेपाम आली, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येणारी औषधं. हे रोज पोटात गेलं की मेंदू त्याच्यावरच उभा राहतो, आणि एकदम बंद केलं की झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावतोसुद्धा. सीमेपलीकडं तेलंगणात २०१५ च्या सप्टेंबरात भेसळीवर कारवाई झाली तेव्हा निजामाबाद, महबूबनगरकडं मोठ्या संख्येनं माणसं अशीच दवाखान्यांत दाखल झाली होती. पेपरात आलं, 'ताडी न मिळाल्यानं'. ताडी न मिळाल्यानं नव्हे हो! पावडर न मिळाल्यानं. सकाळच्या चार पेले शिंदीनं अशी ओढ लागत नाही. गौड मामांचा अख्खा जन्म शिंदीत गेला, मे महिन्यात त्यांना कधी झटके आले नाहीत.

म्हणून म्हणतो आत्या, काका शिंदीनं गेला नाही. ज्यानं गेला ती शिंदी नव्हतीच. आणि आपण तिला शिंदी म्हणत राहिलो, त्यातच त्या दुकानदाराचं फावलं. आपण झाडाला शिव्या घातल्या, पावडरवाल्याला कुणी काही विचारलंच नाही. त्याच्या दुकानावरची पाटी शिंदीची, त्याचा परवाना शिंदीचा आणि रोष झाला तर तोही शिंदीवर. याहून चांगलं पांघरूण कुणाला मिळालंय?

माझा मुद्दा साध्या गणिताचा आहे. चांगली शिंदी भर थंडीत रात्रीतून चार-पाच लिटर रस देते. तीही रोज नाही, विश्रांतीचे दिवस धरून. समजा एखादं दुकान दिवसाला पाचशे लिटर विकतं. म्हणजे रोज रात्री शंभर झाडं वाहती हवीत, आणि सुट्टीवरची धरली तर अडीचशे-तीनशे. शिवाय दरवर्षी नवी खाच सोसेल अशी मोठी झाडं. आता धर्माबाद तालुक्यात फिरा आणि मला एका जागी तीनशे शिंदी दाखवा. तीस दाखवा! आणि हे झालं हिवाळ्याचं. शिंदी उन्हाळ्यात जवळजवळ आटते. उन्हाळ्यात ताड देतो, पण आपल्याकडं ताड किती? मग जेष्ठ महिन्यात पेले भरभरून जे वाहतं ते कुठल्या झाडातून येतं?

हे गणित चौथीच्या पोराला येईल. मग ज्यांच्या खात्याचं हे कामच आहे त्यांना येत नसेल का? कागदावर झाडं मोजलेली असतीलही. मला हवीत ती बांधावरची, नंबर घातलेली. झाडामागं लिटर आणि हंगामामागं दिवस असा हिशेब ठेवा, आणि त्याहून एक लिटर जास्त विकला गेला तर दुकानाला कुलूप. हिवाळ्यात दुकान चालू, वैशाखात बंद. झाडाला सुट्टी असते तर दुकानाला का नको?

पण असं होत नाही, कारण लिलाव. लिलावात दुकान ज्यानं घेतलं त्यानं आधी पैसा ओतलेला असतो. खरी शिंदी संध्याकाळपर्यंत आंबते, साठवता येत नाही, लांब नेता येत नाही, थंडी सरली की संपते. असा माल विकून लिलावाची रक्कम निघत नाही. पावडर मात्र बारा महिने मिळते, खिशात मावते, आणि गिऱ्हाईक उद्या परत येणार याची हमी देते. म्हणजे पद्धतच अशी आहे की प्रामाणिक माणूस लिलावात हरतो. गौड मामांनी कधी लिलाव घेतला नाही. ते दुसऱ्याच्या परवान्यावर चढायचे, मडक्यामागं पैसे मिळायचे. दुकानदाराला पावडर जमली तसे मामा नकोसे झाले. त्यांचे थोरले भाऊ ताडावरून पडून कमरेतून गेले होते, त्याची भरपाई कुणी दिली नाही हे वेगळंच.

मला दोन गोष्टी ऐकवल्या जातील, त्या आधीच घेतो.

एक, 'तू दारूची जाहिरात करतोस.' नाही. ज्या बायांनी गावोगाव मतदान करून बाटली आडवी केली त्यांच्यापुढं मी हात जोडतो. नवऱ्याचा मार त्यांनी खाल्लाय, मी नाही. त्यांनी दुकान बंद करा म्हटलं तर बंद झालंच पाहिजे, पावडरचं तर आधी. पण दुकान बंद करणं आणि झाड संपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीरेला, गुळाला दुकानातला पेला लागत नाही. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवर नीरेचे स्टॉल आपण सगळ्यांनी पाहिलेत, पुणे-सोलापूर रस्त्यावर गाडी थांबवून नीरा प्यायलोत. डहाणूला खादी ग्रामोद्योग आयोगानं २०२० च्या जूनमध्ये नीरा आणि ताडगुळाचं काम पुन्हा सुरू केलं, दोनशे कारागिरांना शिकवून हत्यारं दिली. गांधीजी दारूबंदीवाले होते आणि तेच ताडगुळाचा हट्ट धरत होते. त्यांना यात विरोध दिसला नाही. डहाणूला जमतं ते धर्माबादला का नको? आम्ही काय फक्त मिरच्याच वाळवायच्या?

दोन, 'कच्चा रस रोगट असतो.' हे मात्र अर्धं खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. बांगलादेशात वटवाघळं रात्री मडक्यावर बसतात, आणि त्या कच्च्या रसातून निपाहची लागण झाल्याचं सिद्ध झालंय. त्यावर उपाय म्हणजे खाच आणि मडकं बांबूच्या चटईनं झाकणं, आणि रस उकळून घेणं. गूळ केला तर प्रश्नच मिटतो. लहानपणी मी उघड्या मडक्यातलं प्यायलो, माझ्या मुलांना देणार नाही.

तेलंगणाकडं बोट दाखवून 'बघा ते किती पुढं' असंही मी म्हणणार नाही. त्यांनी २०१५ पासून हरितहारममध्ये ईत आणि ताडाची रोपं लावली, ही चांगली गोष्ट. हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी २०२३ ला नीरा कॅफे उघडलं, तेही छान. आणि त्याच हैदराबादेत, कुकटपल्लीकडं, २०२५ च्या जुलैत भेसळीची ताडी पिऊन माणसं मेली. तपासात पुन्हा तेच अल्प्राझोलम. म्हणजे नुसती झाडं लावून भागत नाही. दुकान झाडांना बांधलं नाही तर शेजारी कितीही झाडं असोत, पेल्यात पावडरच येते.

मग मी का लावतोय? कारण झाडच नसेल तर खरी शिंदी कशी असते हे सांगायला साक्षीदारच उरत नाही. आमच्या गावातल्या तिशीच्या पोरांनी पहाटेचा रस चाखलेलाच नाही. त्यांना शिंदी म्हणजे दुकानातलं ते पांढरं पाणीच वाटतं. त्यांना फरक कुणी दाखवायचा?

रोपं मी बियांपासून केली. उगवायला दोन-तीन महिने घेतात, धीर सुटतो. रस द्यायला अजून निदान सहा-सात वर्षं. तोपर्यंत कायदा बदलेल अशी काही माझी समजूत नाही. न बदलला तर झाडं पक्ष्यांना फळं देतील आणि गावातल्या केरसुण्या करणाऱ्यांना पानं. त्यांच्याशी बोलणं झालंय. हल्ली त्यांना पानं लांबून आणावी लागतात.

गौड मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेलेत. मुलगा निजामाबादला रिक्षा चालवतो, त्याला झाडावर चढता येत नाही आणि चढायचंही नाही. मी रोपं दाखवायला मामांना गाडीवर घेऊन गेलो होतो. त्यांनी एकेका रोपाजवळ काठी टेकवत सगळी ओळ बघितली आणि म्हणाले, "लई जवळ जवळ लावलास. मोठी झाली की चढणाऱ्याला फांद्या टोचतील." म्हणून आता एकाआड एक रोप उचलून पलीकडच्या काठाला हलवतोय. चाळीसातली सहा शेळ्यांनी खाल्ली. चौतीस आहेत.

आत्या, दिवाळीला येशील तेव्हा रानात चल. काकाची आडतीवरची एक वही मला सापडली आहे, त्याच्या अक्षरातली, ती तुला द्यायची आहे. आणि फोन जरा जास्त वेळ धरत जा.